बसायची नोकरी

राणीला बसायचा पगार मिळायचा. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, आमच्यासाठी आहे का हो अशी जागा? मी सांगते, जागा आहे, पण तुमच्या बुडाला झेपायची नाही.

मी त्याच कारखान्यात कव्हरं शिवते. कारखाना आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं, आहे ती पत्र्याची एक लांबोडकी शेड. पुढे रस्त्याच्या बाजूला मालकाची काचेची शोरूम आणि मधल्या दाराला जाड पडदा, कारण मागे काय चालतं ते पुढच्याला दिसता कामा नये. युरोपातून जुन्या खुर्च्यांचे आणि कोचांचे सांगाडे यायचे. लाकूड खरं जुनं, बाकदार पाय, पाठीवर कोरलेली पानंफुलं, सोनेरी मुलामा कुठे उरलेला कुठे उडालेला. आतला माल मात्र कुजून गेलेला. गोणपाट फाटलेलं, स्प्रिंगा गंजलेल्या, घोड्याच्या केसांच्या भरणात उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार थाटलेले. ते सगळं उपसायचं, नवं भरायचं, आणि मग ते नवं जुनं दिसेल असं करायचं, हा आमचा धंदा. मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "महालातून निघाली तशीच आहे. एक खिळासुद्धा बदललेला नाही." धादांत खोटं, पण ते बोलताना त्याचा गळा असा दाटून यायचा की गिऱ्हाइकीण आपली पर्स घट्ट धरायची ती सोडून द्यायची.

मखमल म्हातारी करणं सोपं आहे. चहाच्या पाण्यात बुडवायची, उन्हात टाकायची, विटेने हलक्या हाताने घासायची. पितळी खिळे मिठाच्या पाण्यात ठेवले की काळवंडतात. बैठक मात्र दाद देत नाही. नवी भरलेली बैठक माणसाला वर ढकलते, जुनी आत घेते, आणि ते आत घेणं आणायचं तर माणूसच लागतो. तोही चांगला वजनदार. त्याने दिवसभर बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं, कधी या हातावर रेलायचं, कधी त्या. मालकाने आधी वाळूची पोती ठेवून पाहिली होती. पोतं बसतं झकास, पण त्याला उठता येत नाही. उठताना माणूस जिथे तळवे टेकतो तिथली मखमल झिजते, आणि जाणतं गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट फिरवून बघतं. म्हणजे नोकरी नावाला बसायची, खरं काम उठायचं.

राणी आमच्या कारागिराची धाकटी बहीण. तिचं खरं नाव वेगळं होतं. राजेरजवाड्यांच्या खुर्च्यांवर बसून बसून ती राणी झाली. अंगाने पहिल्यापासून दांडगी. "मला बायको हवी होती, कोठार नको होतं," असं म्हणून नवऱ्याने एक दिवस तिला भावाच्या दारात आणून सोडलं आणि वर गाडीचं भाडं भावाकडूनच घेऊन गेला. भावाच्या दोन खोल्या. राणी स्वयंपाकघरात झोपायची, ओट्याखाली पाय सारून. सकाळी वहिनी तिला ओलांडून गॅस पेटवायची आणि म्हणायची, "काय बाई, घरात डोंगर आलाय राहायला."

तिचा दादा, म्हणजे आमचा कारागीर, खिळे तोंडात धरून काम करायचा. या कामात तशीच रीत आहे. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकावर घ्यायचा आणि ठोकायचा. त्यामुळे दिवसभर त्याला बोलता यायचं नाही आणि लोकांना वाटायचं, किती शांत माणूस! शांत कसला, तोंड भरलेलं होतं एवढंच.

एकदा राणी त्याचा डबा घेऊन आली. ऊन मी म्हणत होतं. दमून तिने समोर दिसली त्या खुर्चीत अंग टाकलं. खुर्ची कालच भरून झालेली. दादा तोंडातल्या खिळ्यांसकट ओरडला, राणी घाबरून उठली, आणि मालक नेमका पडद्यातून आत आला. तो दादाकडे बघेना, राणीकडे बघेना. खुर्चीकडेच बघत राहिला.

"बाई, पुन्हा बसा बरं."

"चुकलं मालक, मी डबा द्यायला..."

"बसा हो. हां. आता उठा. आता डावीकडे रेलून बसा."

दुसऱ्या दिवसापासून राणी कामाला लागली, आणि घरातला सूर असा बदलला की ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. वहिनी ताटाशी बसून वाढायची. "वन्सं, अजून घ्या. एवढ्याने काय होतंय तुमचं?" तुपाची वाटी राणीच्या पुढ्यात, उरलंसुरलं राणीच्या पानात. भाऊ रविवारी तिला शेडमधल्या काट्यावर उभी करायचा. काटा पुढे सरकला की त्या दिवशी घरात गोड व्हायचं. राणीला कळत नव्हतं असं नाही. मला म्हणायची, "बोकड पोसतात ना गं, तसं चाललंय. पण वाढताना हसून वाढतात, तेवढंच."

थट्टेखोर होती. सोनेरी पायांच्या खुर्चीत बसून मला हुकूम सोडायची, "दासी, आमची पाठ खाजव." मालक पुढे कुणाला तरी सांगत असायचा की या खुर्चीत एक सरदारीण नवऱ्याची वाट बघत म्हातारी झाली, आणि पडद्याआड राणी माझ्या कानाशी लागायची, "सांग त्याला, नवरा आला नाही म्हणून. आणि बरं झालं म्हणावं."

मग तिचे पाय बधिर व्हायला लागले. दवाखान्यात गेली तर डॉक्टरीणबाईंनी झापलंच. रक्तात साखर भरमसाट झाली आहे, वजन उतरवा, रोज चाला, पायांकडे लक्ष द्या, नाहीतर पाय गमवाल. राणीने हे घरी जसंच्या तसं सांगितलं. वहिनी म्हणाली, "डॉक्टरांचं काय जातंय सांगायला? त्या काय तुम्हाला पोसणार आहेत?" दादा जेवत होता. जेवण संपवून, हात धुऊन तो एवढंच म्हणाला, "काम गेलं तर मग तुझं कसं करायचं, ते तूच सांग."

पण राणीला जगायचं होतं. हे मला तिने तोंडाने सांगितलंय, म्हणून लिहिते. "मला अजून बरंच बघायचंय गं. काय ते माहीत नाही, पण बघायचंय." डब्यातलं निम्मं ती मला द्यायला लागली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी शेडमागच्या बोळात येरझाऱ्या घालायचो, ती पुढे आणि मी मागे, कारण बोळ अरुंद होता. काही महिन्यांत तिच्या गालांची हाडं दिसायला लागली. मी तिचे ब्लाउज आत घेतले. आरशात बघून म्हणाली, "ही बया कोण? बरी आहे की दिसायला!" रविवारी मात्र काट्यावर चढताना ती कमरेला माझी लोखंडी कात्री आणि पदराआड भंगारातलं लोखंड खोचायची, आणि दादा आकडा बघून मान डोलवायचा.

कात्रीने काटा फसला, गादी फसली नाही. एका बड्या गिऱ्हाइकासाठी आख्खा सेट तयार होत होता, लांब कोच आणि जोडीच्या दोन आरामखुर्च्या, गर्द हिरव्या मखमलीच्या. मालक येऊन कोचावर बसला, उठला, पुन्हा बसला आणि तोंड वाकडं केलं.

"ही मला वर ढकलतेय. बाई, वाळलात तुम्ही." मग दादाकडे वळून म्हणाला, "दुसरी कुणी असेल तर बघून ठेव."

त्या संध्याकाळी वहिनीने घरात स्वच्छ सांगून टाकलं की माझ्या ओट्याखाली बिनकामाच्या माणसाला जागा नाही. दादा तिथेच बसला होता. त्याने नाही म्हटलं नाही. राणीनेच मला हे सांगितलं आणि वर त्यालाच सांभाळून घेतलं. "त्याचं तरी काय चुकलं गं? माझी बाजू घेऊन तो कुणाशी भांडणार, बायकोशी?" त्याचं सगळंच चुकलं होतं. मी तसं बोलले, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात दादाने जाड कॅन्व्हास बेतला. मला वाटलं एखाद्या खुर्चीची पाठ असेल. तर त्याने राणीला उभी करून टेपने तिच्या खांद्यांची, छातीची, कमरेची मापं घेतली. बिनबाह्यांचं जाकीट शिवलं, दुहेरी. आत लोखंडाचे तुकडे, ते वाजू नयेत म्हणून भोवती घोड्याचे केस, आणि भरण खाली सरकू नये म्हणून लांब सुईने आरपार ओढलेली बटणं, कोचाच्या पाठीला घालतात तशी, ओळीने. मी जन्मभर सुई चालवली, पण असा टाका मला जमला नसता. सख्ख्या बहिणीला गादीसारखी भरली त्याने, आणि काम इतकं सुबक केलं याचाच मला अजून संताप येतो.

"दादा, जड आहे रे."

दादाने तोंडातले खिळे तळहातावर काढले. मुद्दाम काढले. "बोचत नाही ना कुठे?"

"नाही. बोचत नाही."

"मग झालं तर." खिळे पुन्हा तोंडात गेले.

राणी ते जाकीट घालून बसायची आणि उठायची. उठताना तोंडातून वाफ सोडल्यासारखा आवाज यायचा. थट्टा बंद झाली, बोळातलं चालणंही बंद झालं. हिरवा कोच मात्र लागला बसायला. मालक खूश होता.

खिळा कधी घुसला ते तिला कळलंच नाही. दादाच्या तोंडातून खिळे खाली पडायचेच, शेडमध्ये आम्ही सगळे तळवे झटकत चालायचो. राणीच्या तळव्यांना जाणीव नव्हती. चप्पल भेदून खिळा आत गेला, आणि एवढं लोखंड अंगावर घेऊन ती दिवसभर त्याच पायावर भार देऊन उठत राहिली. कोचाच्या खालच्या झालरीवर डाग पडलेला मला दिसला, तेव्हा मी तिची चप्पल काढली. खिळ्याने पायाला जखडलेली, ओढूनच निघाली. मी ओरडले तसा मालक धावत आला आणि आधी झालर उचलून उजेडात धरली.

"राहू दे," म्हणाला. "सुकला की जुना वाटेल."

तो डाग तसाच विकला गेला, कुणा सरदाराच्या दारूचा म्हणून. मी पडद्याआडून ऐकलंय.

त्याच दिवशी पाय दाखवायला हवा होता. मी दादाला म्हटलं, तर त्याने मलम लावून पट्टी बांधली, आणि पट्टीही काय सुरेख बांधली! "जोडीच्या खुर्च्या तेवढ्या होऊ देत," म्हणाला. त्या झाल्या, तोवर पायाला वास यायला लागला होता आणि राणी तापाने बडबडत होती. मीच गाडी आणली, मी आणि शेजारच्या पॉलिशवाल्याने तिला उचलून आत ठेवलं. अंगातलं जाकीट काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. इस्पितळातल्या नर्सने ते कापून काढलं तेव्हा ती आमच्याकडे अशी बघत होती, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दादा मागाहून आला, कामाच्याच कपड्यांत. डॉक्टर तरुण होता, दमलेला. पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल म्हणाला, आजच्या आज. नाही काढला तर विष अंगभर पसरेल, बाई उद्याचा दिवस बघणार नाही. नात्याच्या माणसाची सही हवी. कागद पुढे केला. राणी शुद्धीवर होती, मी तिच्या उशाशी उभी होते.

दादाने कागद घेतला, वाचल्यासारखं केलं आणि विचारलं, "पाय काढला तर वजन किती उतरेल?"

डॉक्टरला वाटलं, दुःखाने माणसाचं डोकं चालेनासं झालंय. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फारसं नाही हो. जीव वाचतोय ते बघा."

"फारसं नाही ना?" दादाने पुन्हा विचारलं.

"नाही, नाही."

दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने पेन मागितलं. माझं डोकं फिरलं. अरे गाढवा, वजनाचं काय घेऊन बसलास, एका पायावर ती उठणार कशी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात राणीने माझं मनगट धरलं. अंगात ताप, हातात ताकद नाही, तरी नखं रुतली मला. तिने मला खाली ओढलं.

"बोलू नकोस," ती कानाशी म्हणाली. "त्याच्या लक्षात नाही आलेलं. आधी सही होऊ दे."

दादाने खिडकीच्या कठड्यावर कागद नीट पसरला, सुरकुती हाताने सपाट केली, आणि सावकाश, अक्षर न अक्षर लावून सही केली. डॉक्टर कागद घेऊन गेला, तेव्हा राणीने माझं मनगट सोडलं.