हिराबेनचा कापूस

शिवणाच्या वर्गात दोन गोष्टी कधी संपत नाहीत, चिंध्या आणि किस्से. चिंध्या गोधडीत तरी जातात, किस्से ठेवायचे कुठे? त्यातून हिराबेनचे किस्से म्हणजे आम्ही चार बायकांनी दार लावून हसायचे. परवा तीच म्हणाली, "सांगी टाक व माय, आते कसानी लाज?" म्हणून सांगते.

साल असेल बासष्ट-त्रेसष्ट. शहाद्याला एसटी स्टँडच्या मागे माझा शिवणवर्ग होता. हिराबेन ब्राह्मणपुरीहून यायची. गुजर पाटलांच्या घरची, चाळिशीची, हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ. तिच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. मुंबईला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, डावा स्तन काढावा लागेल. हिराबेन म्हणाली, दोन्ही काढा.

डॉक्टर समजावत बसले, की उजव्या बाजूला काहीही नाही. तर ही त्यांनाच समजवायला लागली. "मन्ही माय याच दुखनामा गई, मावशी गई, मोठी बहीण गई. चोरले आम्हनं घर मालूम पडी जायेल शे. एक दार लावू आनि दुसरं उघडं ठेवू का?"

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. सही भाईदासभाऊंची लागणार होती. भाऊ म्हणाले, "साहेब, मी बैल बी तिले इचारीसन लेस. तुम्ही माले काय इचारतस?" आणि सही ठोकली. मग व्हरांड्यात जाऊन ते उपरण्यात तोंड खुपसून रडले. हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. हिराबेनला माहीत नाही, हे वाचलं तर आता कळेल.

जखमा भरल्यावर डॉक्टरांनी नवी छाती करून घेण्याचं विचारलं. पोटाची कातडी नळीसारखी वळवून थोडी थोडी वर सरकवत आणता येते म्हणे, पण त्याला चार-पाच ऑपरेशनं आणि वर्षभराचा वेळ. परदेशात आत शिवून टाकायची एक पिशवीही नवीन निघालीय, पण ती इथे मिळायची नाही आणि टिकेल किती, कुणालाच ठाऊक नाही. हिराबेननं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, पोटाचं पोटालाच राहू द्या. आणि पिशवीच शिवायची, तर आमच्या मास्तरीणबाई काय वाईट आहेत? त्यांचा टाका निदान उसवता तरी येतो!

हे सर्टिफिकेट मला मुंबईहून मिळालं.

आता पिशवीची घाई का होती, ते सांगते. तिच्या कुसुमचं लग्न कळसाडीला ठरलं होतं. सुपारी फुटली ती गाठ कळायच्या आधी, लग्न वैशाखात. मांडवात विहिणी एकमेकींना कडकडून भेटतात, आणि बायकांचा सगळा मांडव ती भेट बघत असतो. अंग चोरलं तर मानपान बिघडतो. न चोरावं तर विहिणीला कळणार. आजी गेली, मावशी गेली, आईचं हे असं, मग पोरगी कशी निघायची? लग्न मोडायला एवढं पुरे होतं. हिराबेनला आधीच जाऊन खरं सांगायचं होतं. घरातल्या मोठ्यांनी दटावलं, की अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती गप्प बसली, पण मनातून तिला ते पटलं नव्हतं.

पहिली पिशवी बाजरीची. ही अक्कल गोदूमावशीची. मावशी साठीच्या, वर्गात रोज यायच्या आणि सुईत दोरा कधी ओवायच्या नाहीत. पण बाजरीचं वजन बरोबर बसलं, वरून पदरही छान पडला. शिवण माझी होती आणि तीच नेमकी एका कोपऱ्यात उसवली, तीही भर स्टँडवर. हिराबेन पुढे चाललीय, पदराखालून दाणे गळताहेत आणि मागे चिमण्या, कबुतरं आणि कुणाची तरी कोंबडी! एका म्हाताऱ्यानं हात जोडले. गोदूमावशींनी त्याला शांतपणे सांगितलं, की तिचा पाखरांना दाणे घालायचा नवस आहे. पुढे कितीतरी दिवस तो म्हातारा मला विचारायचा, नवसवाल्या ताई कोणत्या वारी येतात?

दुसरा प्रयोग भाईदासभाऊंचा. त्यांनी धुळ्याहून शेकायच्या रबरी पिशव्या आणल्या, चांगल्या दोन. त्यात पाणी भरलं. दिसायला झकास, पण चाललं की गुडगुड वाजायचं. गल्लीतल्या भजनात एक अभंग संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या शांततेत हिराबेन मांडी बदलायला हलली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. शेजारणीनं मायेनं मूठभर ओवा दिला. तो चावून खावा लागला, कारण ती बाई समोर बसून राहिली.

मग मापावरून भांडण. मी टेप काढली आणि विचारलं, माप काय धरू? हिराबेन म्हणाली, माझ्या लग्नात होतं ते धर, आता निवड माझी आहे. गोदूमावशी म्हणाल्या, विहिणीनं तुला सुपारीच्या दिवशी पाहिलंय, चार-पाच महिन्यांत तू जवान झालीस तर ती औषध विचारेल. तासभर वाद चालला. शेवटी सुपारीला घातलेलं पोलकं आणून त्यावरून माप घेतलं. हिराबेन नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी ठरला कापूसच. आमच्या कापसाच्या मुलखात राहून ही गोष्ट आम्हाला तिसऱ्यांदा सुचली! कापूस हलका, म्हणून चालताना पिशवी गळ्याकडे चढायची. तेव्हा खालच्या शिवणीत मी चिंचोके भरले आणि ती जागेवर राहिली. पण माझ्याकडचा कापूस गादीचा, त्याच्या गाठी व्हायच्या. हिराबेनच्या कोवळ्या व्रणांना त्या टोचायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. मला रडू आवरायचं नाही. मीच ते शिवत होते ना.

भाईदासभाऊ सायकल काढून गेले. संध्याकाळी पांढऱ्या फडक्यात गाठोडं घेऊन आले. असा कापूस मी जन्मात पाहिला नव्हता. कचऱ्याचा कण नाही, सरकी हातानं एकेक वेचून काढलेली. कुठून आणला विचारलं, तर वळखीचा माणूस आहे म्हणाले. काय सांगून आणला, तर म्हणे उशी करायची आहे. एवढं बोलून जमिनीकडे बघत राहिले. गोदूमावशी म्हणाल्या, याला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर हा कमी बोलतो.

लग्नाच्या दिवशी मी पोलक्याच्या बाहीला सुईदोरा टोचून हिराबेनच्या मागे उभी होते. विहीणबाई समोरून आल्या. धिप्पाड, तोंडाच्या फटकळ, कळसाडीत त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. विहीणबाईंनी तिला धरलं, जवळ ओढलं, अन् सोडीचनात. अख्खा मांडव बघत होता. त्यांनी तिच्या कानात काहीतरी म्हटलं. हिराबेन आधी ताठ झाली, मग तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडता रडता हसायलाच लागली. बायका म्हणाल्या, पोरीची आई आहे, चालायचंच.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मी तिला कोठीत गाठलं आणि विचारलं, काय म्हणाल्या गं त्या?

हिराबेननं पदरानं तोंड पुसलं.

"बोलनी, 'सरकी मी सोता काढेल शे, इहीनबाई. कोठे टोचस का?'"