किमोनोचा डावा पदर

आमची फुमिये ताई म्हणजे एक नंबरची हट्टी. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलच्या शाळेत जन्मभर पोरांना जेवायला वाढलं आणि निवृत्त झाल्यावर बाईंना चित्रकार व्हायची हौस! तीही कसली, तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारनं आम्हा तिथल्या जपान्यांना वाळवंटातल्या छावणीत कोंडलं होतं, त्या बालपणाचं चित्रपुस्तक. तेव्हा ती सहा वर्षांची. मी तर तिथंच जन्मलो, मला काय आठवणार, कपाळ!

आईनं त्या दिवसांबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "झालं गेलं. भात घे." आता ती नव्वदीची. ताईचं एकच म्हणणं, "आई नको म्हणाली तर पुस्तक छापायचं नाही."

"मग एवढे कागद कशाला नासलेस?" मी म्हटलं. पण मनातून मलाही धाकधूक होतीच.

रविवारी जेवणं झाल्यावर ताईनं चित्रं आईपुढं ठेवली. धुळीनं भरलेल्या खोल्या, जेवणाची रांग, कोळशाची शेगडी. आई पानं भराभर उलटत होती, एकाही चित्रावर थांबत नव्हती. ताईचा चेहरा पार उतरला. मग छावणीतल्या बोन नाचाचं पान आलं. पितरांसाठी आम्ही उन्हाळ्यात नाचतो, तो नाच. त्यात तरुणपणीची आई होती, सुती किमोनोतली.

आई कडाडली, "अगं कार्टे, मेलेली काढलीस की मला!"

मी वाकून पाहिलं आणि हादरलोच. किमोनोचा डावा पदर वर घ्यायचा असतो. उजवा वर घेतात तो फक्त मेलेल्या माणसाचा. ताईनं स्वतः किमोनो घालून, आरशात बघून चित्र काढलं होतं. सगळं उलटं झालेलं.

"चुकलं गं आई," ताई रडवेली झाली. "जाऊ दे ते पुस्तक."

"जाऊ दे काय? खोडरबर आण!" आईनं खुर्ची पुढं ओढली. "आणि मला कोपऱ्यात का उभी केलीस? मी मधोमध होते. हा पोटात होता, सातवा महिना. सासूबाई ओरडतायत, खाली बस म्हणून. मी कुठली बसते! शेवटपर्यंत नाचले."

साठी ओलांडलेला घोडा मी, हे आज पहिल्यांदा ऐकत होतो. मला रडूच फुटलं.

ताईनं डोळे पुसले आणि पेन्सिल उचलली. आई तिच्या हाताकडे बघत म्हणाली, "पोट अजून मोठं काढ. हा पण नाचत होता."