दुधाचेच दात

सांगलीतल्या दातांच्या दवाखान्यात मी चार वर्षांच्या लेकाला घेऊन बसले होते. त्याचे पुढचे दात काळे पडले होते. कुणी विचारायच्या आतच मी शेजारच्या बाईला कैफियत ऐकवली. आमच्याकडे चॉकलेट नसतंच, ब्रश रोज होतो आणि शेवटी दुधाचेच दात, पडणारच की! तेवढ्यात लेक मोठ्यानं म्हणाला, "मी दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपतो."

कवठे महांकाळहून मुलीला घेऊन आलेली ती बाई तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "माजी आई बी हेच म्हणायची ताई, दुधाचं हायत, पडत्यात. पडलं की! मागनं आलं, त्येबी पडलं."



आमचा नंबर लागला, तर लेकानं खुर्ची धरली आणि ओठ घट्ट मिटले. माझ्या विनवण्या झाल्या, धमक्या झाल्या. मग ती बाई त्याच्यासमोर उकिडवी बसली, पदर खाली केला आणि सगळ्यांदेखत तोंड उघडून म्हणाली, "बग, असा आ कर." तिला पुढचे दात नव्हतेच. ते बघून लेकानं आपोआप आ वासला. तसाच त्याला उचलून मी आत पळाले. सकाळपासून बडबडणारं माझं तोंड नेमकं तिचे आभार मानायच्या वेळी मिटलेलं होतं.