कापायच्या टेबलावर

शेवगावच्या एसटी स्टँडमागे माझा शिंपी बसतो. कमरेचं माप द्यायला उभं राहिलं की आपण सगळेच नकळत पोट आत ओढतो, आणि त्याला नेमका त्याचाच राग येतो. "वडू नका वो! पॅन्ट काय फोटोपुरती घालायची हाय का?" मग तो गिऱ्हाइकाला नाकानं सावकाश श्वास घेऊन पोट फुगवायला लावतो आणि तोंडानं हळूहळू सोडायला. कुणी जेवून आलेला असला आणि पोट गच्च असलं, तर त्याला सरळ कापायच्या टेबलावर आडवं करून गुडघे छातीशी धरायला सांगतो. एका नवरदेवाच्या जाडजूड मामांना मी तसं पाहिलंय. फेटा बाजूला, डोळे छताला. "वारं उतरू द्या, मग माप," हा म्हणाला. मामा बिचारे ऐकत होते.

हे खूळ त्याला कुठून लागलं, याचं मला भारी कुतूहल होतं.

परवा दुपारी गेलो तर टेबलावर तोच आडवा होता. गुडघे छातीशी, कपाळावर घाम. मला बघून उठला आणि गळ्यातली टेप माझ्या हातात दिली. "जरा माझं बघा. लई दिस झाले, फुगलेलं उतरतच न्हाई."

मी टेप त्याच्या पोटाभोवती धरली, गुपचूप थोडी आवळली आणि म्हणालो, "उतरलंय की!"

माप सैल आहे का ते बघायला त्यानं सवयीनं टेपखाली बोट घालून पाहिलं. ते शिरेना.

"वडू नका," तो हळूच म्हणाला. "खरं सांगा."