पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गोळ्या

बंदुकीतून गोळी सुटली की बंदूक किती वेगाने मागे येईल, हे गणित मी लग्नाआधी नागपूरला अकरावीच्या मुलींना शिकवत असे. बंदुकीचं वजन, गोळीचं वजन, गोळीचा वेग, आता उत्तर काढा. उत्तराआधी उणे चिन्ह लागायचं, कारण बंदूक उलट्या दिशेने, म्हणजे धरणाऱ्याच्याच अंगावर येते. ते चिन्ह विसरणाऱ्या मुलीचा मी अर्धा गुण कापायची आणि वर लाल शाईत 'विचार करायला शिका' असं लिहायची. बंदूक हलकी घेतली तर काय होईल, असा एक उपप्रश्नही ठेवायची. जास्त जोरात मागे येईल. मागच्या बाकावरच्या मुलींनासुद्धा यायचं ते.

तीच मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका बंदुकीच्या दुकानात उभी राहिले, काचेवर मांडलेली रिव्हॉल्व्हरं एकेक उचलून पाहिली आणि सगळ्यांत हलकं होतं ते पुढे सरकवून म्हटलं, "हे द्या. बघा ना, हातात काही आहे असं वाटतच नाही."

त्या काळी भारतात जायचं म्हटलं की महिनाभर आधीपासून आम्ही बाथरूममधल्या काट्यावर बॅगा तोलत असू. मसाल्याच्या डब्याऐवजी प्लास्टिकची पिशवी, जाड पुस्तकाऐवजी पातळ. हलकं ते चांगलं, हे इतकं अंगात मुरलं होतं की बंदूकही मी विमानात न्यायची असल्यासारखी निवडली. आखूड नळीची, पर्समध्ये मावणारी, पाच गोळ्यांची. एमएस्सी झालेल्या त्या बाईची मला आता कीवही येत नाही. हसू येतं फक्त.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. तेलाचे भाव कोसळले होते आणि ह्यांच्या कंपनीत दर शुक्रवारी कुणाला तरी घरी पाठवत होते. ह्यांची नोकरी गेलीच तर हाताशी काही असावं म्हणून आम्ही इंडियन ग्रोसरीचं दुकान काढलं. पुढे डाळी, पिठं, पापड, लोणची. मागच्या भिंतीवर हिंदी सिनेमांच्या कॅसेट, भाड्याने द्यायच्या. 'आम्ही काढलं' असं हे सगळ्यांना सांगायचे. काउंटरमागे उभी राहायचे मी. ह्यांची नोकरी शेवटपर्यंत गेली नाही. दुकान मात्र माझ्या गळ्यात राहिलं.

शेजारी डोनटचं दुकान होतं. तिथल्या मालकाला एकदा लुटलं आणि वर त्याचं डोकंही फोडलं. त्या आठवड्यात रिव्हॉल्व्हर आलं.

बंदूक मी पाच मिनिटांत घेतली, पण गोळ्या ह्यांनी निवडल्या. फ्रिज घेताना जसं केलं होतं तसंच केलं. जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकं पसरली, शेजारी कॅल्क्युलेटर ठेवला आणि गोळीच्या जोराचा सगळ्यांत मोठा आकडा शोधला. त्या काळचे आमचे एक स्नेही सर्जन होते, तेही मदतीला येऊन बसले. मी चहा केला.

"वहिनी, गोळी पोकळ नाकाची पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "आत गेली की फुलासारखी उमलते. मी रोज काढतो ना यार पेशंटमधून."

"आणि जादा दाबाची," हे म्हणाले. "साधी म्हणजे उगाच रिस्क."

मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. "अहो, इथे लिहिलंय, हलक्या धातूच्या बंदुकीत वापरू नयेत."

"फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो गं. कंपनीला लिहावंच लागतं तसं."

यावर मी काय केलं असेल? मान डोलावली. उणे चिन्हाचा अर्धा गुण कापणारी ती मास्तरीण मान डोलावून बशीत आणखी चिवडा घालायला उठली.

त्या गोळ्या महाग होत्या, म्हणून सरावाला दुसऱ्या आल्या. सपाट डोक्याच्या, कमी दारूच्या, मऊ. नेमबाजीवाले कागदावर भोकं पाडायला वापरतात त्या. आणि आमच्या घरातलं ठरलेलं सुरू झालं. बोन चायनाचे कप कपाटात, चहा स्टीलच्या पेल्यात. नवे टॉवेल पाहुण्यांसाठी, आम्ही विरलेल्यांनी अंग पुसायचं. तसंच हेही. शनिवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर जायचं, चांगल्या गोळ्या काढून ठेवायच्या, मऊ गोळ्यांनी सराव करायचा, रिव्हॉल्व्हर पुसायचं आणि चांगल्या गोळ्या परत भरायच्या. वर्षभर मी असा सराव केला. बऱ्यापैकी नेम बसायला लागला. रेंजवरचा माणूस कौतुक करायचा आणि मला खरंच वाटायला लागलं की मला बंदूक चालवता येते. चुडीदारावर बूट घालून, कानांवर मोठाले ठोकळे लावून, ती बाई अशी काही उभी राहायची की विचारू नका. हे पाठीमागे माझी पर्स धरून उभे असायचे. त्यांनी स्वतः कधी एकही झाडली नव्हती.

एका शनिवारी रेंजवर मऊ गोळ्या संपलेल्या होत्या.

"आतल्याच मारून बघते," मी म्हटलं.

"अगं, त्या वापरायच्या नाहीत. त्या ठेवल्यात."

"कोणासाठी?"

ह्यांनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मी चाप ओढला.

हात वर उडाला आणि बाजूच्या लाकडी फळीवर आपटला. अंगठ्याच्या बेचक्यात कुणी सांडशीने धरून पिळल्यासारखं झालं. पाटल्यांमधल्या दोन्ही काचेच्या बांगड्या फुटल्या आणि एक तुकडा मनगटात घुसला. मला राग आला म्हणून मी दात आवळून दुसरी झाडली. ती कागदाला सोडून कुठे गेली, मला माहीत नाही. तिसऱ्यांदा चाप ओढला तर तो हललाच नाही.

रेंजवरचा माणूस आला. त्याने रिव्हॉल्व्हर हातात घेऊन पाहिलं आणि समजावून सांगितलं. धक्का इतका होता की उरलेल्यांपैकी एका गोळीचं शिसं आपल्या टोपणातून पुढे सरकलं होतं, ते चौकटीला अडलं, त्यामुळे गोळ्यांचं चाक फिरेना. हलक्या बंदुकीत जोरदार गोळी घातली की कधी कधी असं होतं, म्हणाला.

म्हणजे वर्षभर काउंटरच्या खाली मी जे ठेवून उभी होते, ते दोनदा वाजून बंद पडणारं होतं. आणि त्यातली दुसरी छताला लागणारी होती.

"बांगड्या वाढवल्यास," हे म्हणाले.

मनगटातून रक्त येत होतं आणि ह्यांना तो शब्द बरोबर आठवला. बांगडी फुटली म्हणायचं नसतं ना.

त्या माणसाने अडकलेली गोळी काढून दिली. मी रिव्हॉल्व्हर ह्यांच्यापुढे ठेवलं. "आता तुम्ही मारा एक."

ते टाळत होते, पण तो माणूस बघत होता. त्यांनी एक झाडली. मग गरम कप ठेवावा तसं ते रिव्हॉल्व्हर हळूच खाली ठेवलं आणि हात खिशात घातला. "ठीक तर आहे की. तू मनगट सैल सोडतेस."

घरी येईपर्यंत त्यांनी डाव्या हाताने ड्राइव्ह केलं.

त्यानंतर एका रविवारी इथल्या मराठी मंडळातल्या कुणाकडे जेवण होतं. बैठकीच्या खोलीत पुरुष माझ्या गोळ्यांवर बोलत होते. गोळी किती आत जाते, किती उमलते, माणूस किती पावलं चालू शकतो. डॉक्टर श्रीखंड खाता खाता फुप्फुसाचं वर्णन करत होते. मी गरम पुऱ्या घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी, दोन्ही हातांनी धरता ना?"

सांगायला हवं होतं की काउंटरवर मी असते, हात माझा आहे, एकदा मलाही विचारा. मी विचारलं, "पुरी वाढू?" आणि वाढली. मनगटावर पट्टी होती, ती पदराखाली लपवून.

पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी त्या बंदुकीच्या दुकानात एकटी गेले आणि मऊ गोळ्यांची खोकी घेतली. विकणाऱ्याने विचारलं, नवऱ्याला चालेल ना? मी त्याला सांगितलं की नवरा ऑफिसात असतो आणि तिथे त्याला कुणी लुटत नाही. इंग्रजीत मला असं बोलता यायचं. मराठीत जमायला वेळ लागला.

चाकात पाचही मऊ गोळ्या भरल्या. ह्यांना तसं सांगितलंही. उमलत नसतील, पण माझ्या हातात राहतात, पाचही जातात आणि मला पाहिजे तिकडे जातात. हे म्हणाले, त्या कागदाला भोकं पाडायच्या. मी म्हटलं, असू देत. वाद तिथे संपला, असं मला वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला तसं वाटू शकलं, ही त्या बाईची खरी कमाल.

वसंतातली दुपार होती. दुकानात कुणी नव्हतं. जाड जाकीट घातलेला एक माणूस आत आला, कॅसेटच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला आणि काउंटरपाशी थांबला. एक हात जाकिटाच्या आत. त्याने गल्ला उघडायला सांगितलं. आवाज अगदी साधा होता, हिंगाची डबी मागावी तसा.

मी डाव्या हाताने गल्ला उघडला. उजवा काउंटरच्या खाली रिव्हॉल्व्हरवर होता. मी घाबरले नव्हते असं सांगितलं तर नातसुद्धा हसेल. पण घाबरलेल्या डोक्यात एक जागा शांत होती. तिथे मी ठरवलं होतं की नोटा घेऊन गेला तर जाऊ द्यायचं आणि काउंटरला वळसा घालून आत आला तर झाडायचं. एक चुकली तर दुसरी आहे, दुसरी चुकली तर तिसरी. या गोळ्यांना माझा हात सरावलेला आहे. मूठ आवळलीसुद्धा नव्हती मी. शनिवारी धरायची तशी सहज धरली होती.

त्याने नोटा घेतल्या, बाजूची बडीशेपेची पुडी उचलली आणि गेला. पुडी कशाला, ते मला आजवर कळलेलं नाही.

तो गेल्यावर मी आधी दाराला कडी घातली. मग वाटलं, हे रिकामं करून ठेवावं. चाक बाहेर काढलं, उपडं करून गोळ्या हातावर घेतल्या. पाच पोकळ नाकं माझ्याकडे बघत होती.

पोलीस येऊन गेले, मग हे आले. दारातूनच विचारलं, "लागलं नाही ना कुठे?"

"ह्यात कुठल्या गोळ्या होत्या?"

ते पिठाच्या पोत्यांकडे बघू लागले. "रविवारी माल लावायला आलो होतो तेव्हा बदलल्या. तुझ्या भल्यासाठीच ना."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू परत बदलल्या असत्यास."

मला वाटतं, आमच्या लग्नात ते माझ्याशी इतकं खरं दुसऱ्यांदा कधी बोलले नाहीत. त्यांना कसली लाजही वाटत नव्हती. टेबलावर बसून सगळ्यांत मोठा आकडा त्यांनी शोधला होता. तो चुकला असं म्हणण्यापेक्षा माझ्या हातात काय आहे हे मला ठाऊक नसलेलं त्यांना परवडत होतं. मी मूठ सैल ठेवून उभी होते, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पण झाडावी लागली नाही ना?"

मी दुकानाच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. "उद्यापासून तुम्ही उभे राहा. बंदूक तुमची, गोळ्या तुमच्या."

"वेडी झालीस का? ऑफिस कोण करणार?"

"मग जो उभा राहील तो ठरवेल."

हे वाक्य मी इतक्या ठसक्यात बोलले की माझं मलाच बरं वाटलं. मग घरी जाऊन पोळ्या लाटल्या. त्यांना दोन वाट्या आमटी लागते म्हणून जास्तीची डाळही शिजत लावली. अशी आमची क्रांती.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेले आणि मी दुकानात. चांगल्या गोळ्यांचं खोकं त्यांनी घरी नेऊन बोन चायनाच्या कपांशेजारी ठेवलं. मी चाकात मऊ गोळ्या भरल्या. पुढे पार्ट्यांत विषय निघाला की हे सांगायचे, हलक्या रिव्हॉल्व्हरला जोरदार गोळ्या चालत नाहीत, मी हिला मुद्दाम मऊ आणून दिल्या. डॉक्टर मान डोलवायचे. मी पुऱ्या वाढायची.

दुकान पुढे बरीच वर्षं चाललं. त्यानंतर कुणी लुटायला आलं नाही. तरी रोज सकाळी शटर वर केलं की देवाला उदबत्ती लावायच्या आधी मी काउंटरखाली वाकायची, चाक उघडायची आणि पाचही सपाट डोकी बोटाने चाचपून बघायची. बाहेरून येणाऱ्याची मला तेवढी भीती राहिली नव्हती. दुकानाची दुसरी किल्ली ह्यांच्याकडे होती.