गुत्तेदार मामा आणि खचलेला कोपरा

नात्यातल्या गुत्तेदाराकडून घर बांधून घेऊ नये, हे मी आता नांदेडात भेटेल त्याला सांगत असते. पण ज्यांचा गुत्तेदार माझ्या नवऱ्याचा सख्खा मामा नाही, त्यांना माझं दुःख पुरतं कळायचं नाही. परका गुत्तेदार असता तर चार शब्द सुनावता आले असते. मामा दारात आले की मला आधी डोक्यावर पदर घेऊन वाकावं लागे. पाया पडून उठलेल्या बाईनं त्याच माणसाशी पायावरून भांडायचं कसं?

मामा मूळचे उदगीरकडचे. पांढरीशुभ्र विजार, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे. नांदेड आणि लातूरमधली निम्मी घरं आपण बांधली आणि उरलेली निम्मी आपल्याला न विचारता बांधली म्हणून वाकडी आहेत, असं त्यांचं ठाम मत. आमचं घर पहिल्या निम्म्यातलं. तरीही दुसऱ्याच वर्षी स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. मामा आले, भिंतीला कान लावला, डॉक्टरसारखं दोन बोटांनी ठोकलं आणि म्हणाले, "घर बसून राहिलंय, सूनबाई. नवी नवरी सासरी रुळायला येळ घेती का न्हाई?" पुढं तड्यात माझं बोट जायला लागलं तेव्हा मी विचारलं, "मामा, ही नवरी अजून किती वर्षं रुळणार?" तर म्हणाले, "हिला सासर लई मोठं मिळालं."

खरी गोष्ट अशी की आमचा प्लॉट काळ्या मातीतला. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर श्वास घेत राहतं. म्हणून पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. मामा मात्र मातीला कधी दोष देत नसत. दोष शेजाऱ्याच्या बोअरचा, रस्त्यावरच्या ट्रकांचा, माझ्या धुण्याच्या पाण्याचा. एकदा माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडं बघून म्हणाले, "एवढं वाचल्यावर भिंत वाकणारच की!" दर दिवाळीला ते आमच्याकडं कॅलेंडर आणत आणि स्वतःच खिळा ठोकून नेमकं तड्यावर लावत. एका वर्षी तडे वाढले, तर दोन आणली. फोन केला की ठरलेलं उत्तर, "बिलोलीला स्लॅब पडून राहिलाय, उद्या येतो." स्लॅब टाकण्याला त्यांच्या धंद्यात 'पडणं' म्हणतात हे मला माहीत होतं, पण आमचं घर बघता मला बिलोलीच्या लोकांची खरोखर काळजी वाटे.

मागची कोपऱ्यातली खोली माझ्या सासूबाईंची, म्हणजे मामांच्या अक्काची. तिथली फरशी कलली तेव्हा मी त्यांना पुढच्या खोलीत झोपायला किती विनवलं! त्यांचं एकच, "माझ्या भावानं बांधलंय. पडायचं न्हाई." नवरा म्हणे, "मामांना कसं बोलू?" चिडायचं काम सगळं माझ्याकडं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सासूबाई आत असताना त्या खोलीचं दार अडकलं. चौकट दबली होती. शेवटी नवऱ्यानं पहारीनं दार फोडलं आणि त्यांना बाहेर काढलं. आत कोपरा खचला होता आणि भिंतीच्या फटीतून शेजाऱ्याच्या अंगणातली तुळस दिसत होती. या वेळी मामा बिलोलीला नव्हते. फोन ठेवला तोच रिक्षातून उतरले. आल्या आल्या सासूबाई त्यांना म्हणाल्या, "पावसानं दार फुगलं असंल रे. तू कशाला एवढा धावत आलास?"

मामांनी भिंतीला कान लावला नाही. चहा घेतला नाही. अंगणात ओल्या फरशीवर तसेच बसले, पांढऱ्या विजारीचा विचार न करता. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, ह्या कोपऱ्यात मुरूम लागलाच नव्हता. जुना खड्डा बुजवलेला हुता. अक्काला वास्तुशांतीची घाई, अन् मी म्हणलं, चालतंय." सासूबाई लगेच म्हणाल्या, "घाई माझी हुती. त्याला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी छताला लोखंडी टेकू लागले. मामांनी कोपरा थोडा थोडा करत मुरूम लागेपर्यंत खणवला. काँक्रीट पडायच्या आधी स्वतः खड्ड्यात उतरून तळ चाचपला, आणि वर येताना त्यांना आम्ही दोघांनी हात दिला. घर तेव्हापासून हललेलं नाही.

त्यानंतर त्यांनी काम सोडलं आणि लातूरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले, चौथ्या मजल्यावर. परवा मी लातूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा त्यांना भेटून आले. मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या प्लॉटवर नव्या इमारतीचा पाया खणणं चाललं होतं. मला बघून आनंदले, पण लक्ष खाली. "बघ, सूनबाई, काळी मातीच हाय अजून, अन् हे गाडी बोलावून राहिले." काँक्रीटची गाडी वळून आत शिरत होती. मामा उठले, कठड्यावरून वाकले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "अरे थांबा! अजून खाली जा!"

खाली यंत्रं घरघरत होती. कुणीच वर बघितलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मीही त्यांच्याबरोबर खाली ओरडायला लागले.