गोर्स्की बहिणींचं रक्त

व्हर्ना गोर्स्की मिलवॉकीच्या आमच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होती. रुग्णाच्या आणि दात्याच्या रक्तातून डीएनए काढायचा आणि त्यांच्या प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींवर, कोणत्या खुणा असणार हे जनुकांवरून सांगायचं, हे आमचं काम. खुणा जुळल्या नाहीत, तर रुग्णाचं शरीर बाहेरून दिलेल्या प्लेटलेट मारून टाकू शकतं. व्हर्ना बोलायची कमी. लग्न केलं नव्हतं.

तिची थोरली बहीण लोरेटा. १९७८ साली तिला मुलगी झाली, अ‍ॅनेट. अंगभर जांभळे ठिपके घेऊनच जन्मली आणि तिसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही. सासूने मात्र सांगितलं : सातव्या महिन्यात ही बर्फावर घसरली, तेव्हाच पोटातल्या बाळाला मार बसला. पुढे कित्येक वर्षं ती हेच सांगत राहिली. लोरेटाचा नवरा नॉर्बर्ट गप्प बसला. लोरेटाने पुन्हा मूल होऊ दिलं नाही.

जनुकांची तपासणी आमच्याकडे नव्वदच्या दशकात सुरू झाली. सरावासाठी आम्ही एकमेकांचंच रक्त तपासलं. इथल्या गोऱ्या लोकांत शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांकडे असणारी एक खूण व्हर्नाकडे नव्हती. निकालाचा कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या रविवारी चर्चमधून ती थेट लोरेटाकडे गेली आणि तिला नि नॉर्बर्टला रक्त तपासून घ्यायला सांगितलं.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दोघं आली. नात्यातल्यांचे नमुने व्हर्नाने हाताळायचे नाहीत असा नियम, म्हणून ते मी तपासले. लोरेटाकडेही ती खूण नव्हती. नॉर्बर्टला ती आई आणि बाप दोघांकडून आलेली. म्हणजे बाळाने ती बापाकडून घेतली होती, आईच्या रक्ताने तिला परकं मानलं होतं आणि बाळाच्या प्लेटलेट संपवल्या होत्या. त्या लढाईची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, लोरेटाच्या रक्तात इतक्या वर्षांनीही सापडली.

सांगायला व्हर्ना मलाही घेऊन गेली. लोरेटाने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पडले, त्यामुळे नाही?"

"नाही गं," व्हर्ना म्हणाली. "तू घराबाहेर पाऊल टाकलं नसतंस तरी हेच झालं असतं."

"सासूबाई मागच्या वर्षीच गेल्या. आता कुणाला सांगू मी?"

नॉर्बर्ट टेबलाकडे बघत होता. "तेव्हा मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो. हवं होतं."

एवढंच बोलून लोरेटाने आमच्यासाठी कॉफी ओतली. मग मला विचारलं, अ‍ॅनेटला फार दुखलं असेल का. मला ठाऊक नव्हतं, तसं मी सांगितलं.

व्हर्नाला कधी दिवस गेले नव्हते, त्यामुळे तिच्या रक्तात ती प्रतिपिंडं नव्हती. ती खूण नसलेल्या तिच्या प्लेटलेट अशा बाळांना चालणार होत्या. तिने दाता म्हणून नाव दिलं. कुठल्या तरी गावी असं बाळ जन्मलं की फोन यायचा आणि ती दोन तास हाताला सुई लावून बसायची. लोरेटा तिला गाडीने आणायची, शेजारी विणकाम करत बसायची आणि दर वेळी विचारायची, मुलगी आहे का. आम्हाला सांगायची परवानगी नव्हती.

एक बाळ वाचलं नाही, तेवढं व्हर्नाला कुठून तरी कळलं. त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही. पुढच्या महिन्यात फोन आला, तेव्हा दोघी वेळेआधीच येऊन बसल्या होत्या.